दारावरची दोन अक्षरं : ऑटोक्रॉसमध्ये आपल्या गाडीचा वर्ग कसा शोधायचा

बैलगाडा शर्यतीच्या घाटावर नवा बैल आला की आधी त्याचं तोंड उघडून दात बघतात. दुधाचे दात असतील तर आदत, पुढचे दोन पक्के आले असतील तर दुसा. मालक काहीही म्हणो, गट ठरवतात ते दात. अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसला पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हेच आठवलं. सकाळी सात वाजता एका ओसाड पार्किंगमध्ये लोक एकमेकांच्या गाड्यांखाली वाकून बघत होते, चाकं हलवून बघत होते, आणि दारांवर निळ्या टेपने अक्षरं चिकटवत होते : एचएस, ईएस, एसटीआर, सीएसपी. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला विचारलं, ‘वर्ग कोणता?’ मी म्हटलं, ‘नवशिक्यांचा.’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘तो तुमचा वर्ग झाला, गाडीचा कोणता?’

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर घरूनच शोधून नेता यावं म्हणून आहे. अमेरिकेत राहणारे, घरची सिव्हिक किंवा हौसेने घेतलेली जुनी मियाटा (माझदाची छोटी, उघड्या टपाची गाडी) घेऊन एखादा रविवार घालवू पाहणारे मराठी लोक डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा लागेल. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की माती, धुरळा आणि उसळणारी जिप्सी डोळ्यांसमोर येते. हा अर्थ ब्रिटिशांकडून आला. तिथे ऑटोक्रॉस शेतात, गवतावर होतो. आपल्याकडे गट मुख्यतः इंजिनाच्या सीसीवर पडतात. अमेरिकेतला ऑटोक्रॉस मात्र डांबरावर किंवा काँक्रीटवर, केशरी कोन मांडून आखलेल्या वळणावळणाच्या वाटेवर होतो. एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी शर्यत, साधारण पाऊण ते एक मिनिट. वेग हायवेच्या आसपासच राहतो, पण वळणं एकामागून एक येतात. कोन पाडला की प्रत्येकी २ सेकंदांचा दंड. एखादं दार, म्हणजे दोन कोनांमधून जाणारी ठरलेली वाट, चुकवलं की ती फेरीच बाद.

या खेळाचं सगळ्यांत मोठं छत्र म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, बोलीत एससीसीए. १९४४ साली सुरू झालेली ही संस्था या खेळाला ‘सोलो’ म्हणते. जुने लोक ‘सोलो टू’ म्हणतात, कारण पूर्वी ‘सोलो वन’ नावाचा जास्त वेगाचा भाऊही होता. राष्ट्रीय स्पर्धा १९७३ पासून होते. सध्या ती सप्टेंबरात नेब्रास्कातल्या लिंकनच्या विमानतळालगतच्या काँक्रीटवर भरते आणि हजारावर चालक येतात. पोर्शे आणि बीएमडब्ल्यूवाल्यांच्या क्लबांची स्वतःची वेगळी वर्गवारी असते. तिथे जाणार असाल तर त्यांचे नियम वाचा. पण एससीसीएची पद्धत एकदा कळली की बाकीच्या वाचायला सोप्या जातात, म्हणून इथे तीच घेतो.

पहिली पायरी : गाडी उभी राहील का

वर्गाच्या आधी हा प्रश्न येतो. उंच एसयूव्ही, पिकअप, व्हॅन यांना बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. कारण साधं आहे : घट्ट पकडीच्या टायरवर झटक्याने दिशा बदलली की उंच गाडी कलंडू शकते. ढोबळ कसोटी अशी की गाडीची उंची ही डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरापेक्षा जास्त असेल तर शंका घ्यावी. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने सिएना मिनीव्हॅन आणली होती. मुलं मागच्या सीटवर हेल्मेट घालून तयार बसलेली. परत जावं लागलं. तेव्हा आधी आयोजकांना मॉडेल कळवून विचारा, त्यात कमीपणा नाही.

दुसरी पायरी : यादीत आपली ओळ शोधा

सोलोची नियमपुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, झोप येईल. थेट ‘परिशिष्ट अ’ उघडा. तिथे वर्गागणिक गाड्यांची यादी आहे : कंपनी, मॉडेल, सालं, आणि काही वेळा इंजिन किंवा पॅकेजसुद्धा.

इथे घाई नको. मॉडेलचं नाव सारखं म्हणजे वर्ग सारखा असं नसतं. साधी कोरोला छोट्या घरगुती गाड्यांच्या वर्गात बसते; तीनशे अश्वशक्तीची, चारही चाकांना ताकद देणारी जीआर कोरोला तिथे बसणार नाही हे नाव न वाचताही कळावं. मियाटाचं तर पाहा. पहिल्या दोन पिढ्यांच्या साध्या मियाटा वर्षानुवर्षं ई स्ट्रीटमध्ये आहेत. सर्वांत नवी पिढी त्यांच्या वर धावते. कागदावर सगळ्या मियाटाच. म्हणून गाडीचं साल, इंजिन आणि ट्रिम (मॉडेलचा उपप्रकार), तिन्ही हातात घेऊन यादीत शिरा. गाडीचं नाव सापडलं नाही तरी काळजी नको. वर्गांच्या शेवटी ‘वर न आलेल्या’ गाड्यांसाठी सर्वसमावेशक ओळी असतात, त्यांत इंजिनाच्या आकारावरून किंवा गाडीच्या प्रकारावरून जागा मिळते.

तिसरी पायरी : नाव कसं वाचायचं

नवा माणूस इथेच गोंधळतो, कारण नावं दोन वेगवेगळ्या रीतींनी बनली आहेत.

पहिल्या रीतीत शेवट घराणं सांगतो आणि सुरुवात त्या घरातली खोली. एचएस म्हणजे एच स्ट्रीट. सीएसपी म्हणजे सी स्ट्रीट प्रिपेअर्ड. डीपी म्हणजे डी प्रिपेअर्ड. एएम म्हणजे ए मॉडिफाइड. दुसऱ्या रीतीत उलट : एसटीआरमध्ये घराणं आधी येतं, स्ट्रीट टूरिंग, आणि शेवटचा ‘आर’ रोडस्टरचा, म्हणजे उघड्या टपाच्या दोन आसनी गाड्यांचा. एसएमएफ म्हणजे स्ट्रीट मॉडिफाइडमधल्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या. सुरुवातीला जादा ‘एस’ दिसला तर तो बहुधा ‘सुपर’चा : एसएस म्हणजे सुपर स्ट्रीट, एसएसपी म्हणजे सुपर स्ट्रीट प्रिपेअर्ड. शेवटी ‘एल’ लागला की तो महिलांचा वर्ग : एचएसएल म्हणजे एच स्ट्रीट, महिला. गाडीचे नियम तेच, निकाल वेगळा. महिलांना खुल्या वर्गात धावायलाही मोकळीक आहे, आणि बऱ्याच जणी तिथेच धावून आम्हाला मागे टाकतात.

घराणी साधारण अशी चढत जातात. स्ट्रीट म्हणजे शोरूममधून निघाली तशी गाडी, थोड्या सवलतींसह. स्ट्रीट टूरिंग म्हणजे हौशी माणूस रस्त्यावरच्या गाडीला जे करतो ते : स्प्रिंगा, एक्झॉस्ट, इंजिनाच्या संगणकाची नवी आज्ञावली. स्ट्रीट प्रिपेअर्डमध्ये चाकांच्या रुंदीवरची बंधनं सैल होतात आणि शर्यतीचे मऊ टायर चालतात. स्ट्रीट मॉडिफाइडमध्ये इंजिनच बदलता येतं, टर्बो घालता येतो, पण आतल्या सीटा-कार्पेट बरंचसं राहावं लागतं. प्रिपेअर्डमध्ये गाडी आतून सोलून काढतात. आणि मॉडिफाइडमध्ये जे येतं त्याला गाडी म्हणावं की पंख लावलेली सळयांची चौकट, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. ए मॉडिफाइड त्यातही सगळ्यात वर : शेड बसवून टाकावी एवढा मोठा पंख मागे असतो, आणि ती वळताना बघितली की पोटात खड्डा पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अक्षरं म्हणजे शिडी नाही. मी पहिलं वर्षभर समजत होतो की ए सर्वांत वेगवान, बी त्याखाली, असं करत एच तळाला. ढोबळ खरं, पण एफ स्ट्रीट घ्या. मस्टँग जीटी, कॅमारोसारख्या मोठ्या व्ही-आठ इंजिनाच्या जड गाड्यांचं ते घर. ते अक्षराने ई स्ट्रीटच्या खाली आहे, पण वेगाने वर. कारण वर्ग आखताना प्रश्न ‘किती वेगवान’ एवढाच नसतो, ‘कुणाबरोबर धावणं न्याय्य’ हाही असतो. हलक्या मियाटाशी जड मस्टँग घालून उपयोग नाही. एका वाटेवर एक जिंकेल, दुसऱ्या वाटेवर दुसरी, आणि चालकाचं कसब बाजूला राहील. कुस्तीत एकाच वजनगटात माती आणि गादी वेगळी ठेवतात, तसंच काहीसं. आणि हो, एफ स्ट्रीट, एफ स्ट्रीट प्रिपेअर्ड आणि एफ मॉडिफाइड यांच्यात आडनावबंधूंइतकंही नातं नाही. प्रत्येक घराण्याने आपापल्या अक्षरांपासून सुरुवात केली, एवढंच.

एक मजेशीर बाब जुन्या निकालांच्या कागदांत दिसते. २०१४ पूर्वीच्या कागदांतही एचएस, ईएस हेच वर्ग आहेत. पण तेव्हा तो ‘एस’ स्टॉकचा होता. स्टॉक घराण्यात तेव्हा शर्यतीचे मऊ टायर चालायचे. ते टायर थोड्याच फेऱ्यांत संपायचे आणि घरची साधी गाडी आणणाऱ्याच्या खिशाला भोक पडायचं. २०१४ साली टायरचा नियम बदलला, घराण्याचं नाव स्टॉकचं स्ट्रीट झालं, आणि आद्याक्षर तेच राहिल्याने लोकांच्या दारांवरची चुंबकी अक्षरं वाया गेली नाहीत.

चौथी पायरी : गाडीला काय काय केलंय ते प्रामाणिकपणे लिहा

हा भाग लांबवतो, कारण बहुतेक लोक इथेच आपटतात. मीही आपटलो.

मी घेतलेली मियाटा आधीच्या मालकाची लाडकी होती. मी ई स्ट्रीटमध्ये धावत होतो, छान चाललं होतं. चौथ्या-पाचव्या स्पर्धेला तपासणी करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी चाकाच्या कमानीत हात घातला, बोटांनी अंतर मोजलं आणि विचारलं, ‘स्प्रिंगा कंपनीच्याच आहेत ना?’ मला माहीतच नव्हतं. गाडी जॅकवर घेतली; स्प्रिंगा लाल रंगाच्या, कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीच्या, दीड इंच बुटक्या. स्ट्रीट घराण्यात स्प्रिंगा बदलता येत नाहीत. माझी गाडी मुळातच स्ट्रीट टूरिंगची होती, आणि मी तोवर ज्यांना हरवलं त्यांची मान खाली घालून माफी मागितली. त्यांनी हसून सोडून दिलं. त्यातल्या एकाने नंतर मला जुन्या मूळ स्प्रिंगा दिल्या, त्याच्या गॅरेजात पडून होत्या.

तर स्ट्रीटमध्ये काय चालतं? शॉकअब्सॉर्बर दुसऱ्या कंपनीचे चालतात, पण गाडीची उंची बदलता कामा नये. अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीला कलू न देणारी सळई, पुढचा किंवा मागचा एकच बदलता येतो, दोन्ही नाहीत. रिम दुसरी चालते, पण रुंदी मूळ गाडीचीच. व्यास १ इंचाने कमी-जास्त चालतो आणि ऑफसेट, म्हणजे चाक आत-बाहेर किती सरकतं ते, फक्त पाव इंचाच्या आसपास. ब्रेकपॅड चालतात. एअर फिल्टरचा आतला भाग चालतो, पण त्याचा डबा आणि नळी नाही. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्ट चालतो. टायर रस्त्यावरचे हवेत आणि टायरच्या बाजूवर छापलेला ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा, आकडा २०० किंवा त्याहून जास्त हवा. हा आकडा टायर कंपनीच स्वतः ठरवते, त्यामुळे काही कंपन्यांचे ‘२००’ वाले टायर हाताला च्युइंगमसारखे लागतात आणि तरीही नियमात बसतात. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही, तेच घ्या.

आणि काय चालत नाही? यादी देत नाही, कारण नियम उलट्या बाजूने चालतो. पुस्तिका आधी म्हणते की गाडी कारखान्यातून आली तशी असावी, मग पुढे एकेक सवलत देते. ज्याची सवलत लिहिलेली नाही ते चालत नाही. ‘कुठे बंदी लिहिली आहे दाखवा’ हा वाद तिथे सुरूच होत नाही. इंजिनाच्या वर दोन बाजू जोडणारी सळई, म्हणजे स्ट्रट बार, हा लोकांचा नेहमीचा सापळा. दुकानात पन्नास-शंभर डॉलरला मिळते, चकचकीत दिसते, गाडीला किती फरक पडतो देव जाणे. पण ती लावली की तुम्ही स्ट्रीटच्या बाहेर. हलकी बॅटरी लावली तर तेच. पुढची चाकं आतल्या बाजूला कलती करणाऱ्या कॅम्बर प्लेट लावल्या तर तेच. स्टिरिओ मात्र बदलता येतो. त्यावर कुणाचा आक्षेप नाही, उलट तो जड असला तर बरंच.

पॅकेजचाही एक फास आहे. तुमच्या गाडीचं स्पोर्ट पॅकेज वेगळं विकलं गेलं असेल आणि तुम्ही त्यातल्या फक्त स्प्रिंगा जुन्या बाजारातून आणून लावल्या, तर ती ‘कारखान्यातून आली तशी’ गाडी राहत नाही. कारखान्याने अशी गाडी कधी विकलीच नव्हती. पूर्ण पॅकेज लावा, नाहीतर सवलतीत बसणारा एकच बार लावा. स्ट्रीट प्रिपेअर्डमध्ये नियम जरा मोकळा आहे : परिशिष्टात एकाच ओळीत ज्या गाड्या लिहिल्या आहेत त्यांचे भाग आपापसांत अदलाबदल करता येतात. म्हणून तिथले मुरलेले लोक गाडी घेण्याआधी ओळ वाचतात. कोणती सालं आणि कोणती मॉडेलं एका ओळीत आहेत, त्यावर कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स जोडता येईल हे ठरतं.

स्ट्रीट टूरिंगमध्ये प्रत्येक वर्गाला रिम आणि टायरच्या रुंदीची मर्यादा आहे, आणि तीच त्या वर्गाचा कणा आहे. एसटीएसमध्ये टायर २२५ मिलिमीटरपर्यंत, एसटीआरमध्ये २५५ पर्यंत. बाकी पुष्कळ सुटका आहे, पण डांबराला लागणारं रबर मोजून दिलं की घोड्यांना लगाम राहतो. टायर पुन्हा २०० वालेच. हे घराणं का जन्मलं ते पार्किंगमध्ये एक फेरफटका मारला की कळतं : तरुण पोरं गाडी आधी खाली करतात, एक्झॉस्ट लावतात, आणि मग शर्यत शोधतात. त्यांना स्ट्रीट प्रिपेअर्डच्या शर्यती टायरांसमोर ढकललं असतं तर ती पुन्हा आली नसती.

कागद घ्या, डाव्या बाजूला गाडीला बदललेली प्रत्येक वस्तू लिहा, उजव्या बाजूला ती कोणत्या घराण्यात चालते ते. यादीत जी वस्तू सर्वांत वरच्या घराण्याची असेल, गाडी त्या घराण्याची. एका नटाने गाडी दोन घराणी वर जाऊ शकते. जुनी गाडी घेतली असेल तर माझ्यासारखं करू नका. आधी खाली वाकून स्प्रिंगांचा रंग बघा.

बाजूची दारं

काही वर्ग या घराण्यांच्या रांगेत बसत नाहीत. सीएएम म्हणजे क्लासिक अमेरिकन मसल, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या अमेरिकन गाड्यांसाठी. यात सीएएम-टी जुन्या गाड्यांना, सीएएम-सी नव्यांना आणि सीएएम-एस कॉर्व्हेटसारख्या दोन आसनी गाड्यांना. इथे नियम मुद्दाम थोडे ठेवले आहेत. ज्याने घरी बसून जुन्या कॅमारोत नवं इंजिन बसवलंय त्याला यादी वाचायची नसते, धावायचं असतं. त्याच्यासाठी हे दार. एक्सएस म्हणजे एक्स्ट्रीम स्ट्रीट याच मोकळ्या विचाराचं, सगळ्या देशांच्या गाड्यांसाठी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी ईव्हीएक्स आहे.

सोलो स्पेक कूप हा मला व्यक्तिशः सर्वांत प्रामाणिक वर्ग वाटतो. सुबारू बीआरझेड आणि तिची टोयोटा-सायन जुळी भावंडं, सगळ्यांना तीच स्प्रिंग, तेच शॉक, तेच टायर. पैशाने काही विकत घेता येत नाही. हरलात तर तुम्ही हरलात, एवढंच म्हणता येतं. त्यामुळेच सगळ्यांना तो झेपत नाही.

मुलांसाठी कार्टचे, म्हणजे छोट्या उघड्या शर्यती गाड्यांचे, ज्युनियर वर्ग असतात, जेए, जेबी, जेसी, आणि पाच वर्षांची पोरंही त्यात दिसतात. गाडी चालवायला मात्र चालक परवाना लागतो.

नवशिक्यांचा वर्ग आणि पॅक्स

पहिल्या दिवशी त्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बहुतेक क्लब पहिल्या वर्षाच्या लोकांना एकाच नवशिक्यांच्या गटात ठेवतात, गाडी कुठलीही असो. पण निकाल लावायला गाडीचा मूळ वर्ग लागतोच, कारण गुणांक त्यावरून निघतो. हा गुणांक म्हणजे पॅक्स. रिक रुथ नावाचे गृहस्थ दर वर्षी मोठ्या स्पर्धांचे निकाल तपासून प्रत्येक वर्गाला एक आकडा देतात, आणि देशभरातले क्लब तो वापरतात. सर्वांत वेगवान ए मॉडिफाइडचा आकडा १.०००, बाकी सगळ्यांचा त्याहून कमी. आपली वेळ गुणिले गुणांक, आणि जो आकडा लहान तो पुढे.

हिशेब समजावा म्हणून मनाने घेतलेले आकडे सांगतो. तुमच्या वर्गाचा गुणांक ०.७९० आणि तुमची वेळ ५०.००० सेकंद, तर गुणाकार ३९.५००. दुसऱ्याचा गुणांक ०.८६० आणि वेळ ४६.०००, तर ३९.५६०. तो तुमच्यापेक्षा चार सेकंद आधी पोहोचला आणि तुम्ही जिंकलात. संध्याकाळी घरी सांगताना हे पटवणं अवघड जातं.

पॅक्सला चटावू नका. गुणांक त्या वर्गातल्या सर्वोत्तम गाडीचा आणि चालकाचा आहे, तुमच्या गाडीचा नाही. एच स्ट्रीटमधली सर्वांत चपळ हॅचबॅक आणि तुमची सहाशे मैल सलग चालवायला उत्तम अशी सेडान, दोघींना एकच आकडा. शिवाय वाट लांब सरळ असेल तर ताकदवाल्यांचं फावतं, नागमोडी असेल तर हलक्यांचं. त्या दिवशीच्या पॅक्स यादीवरून स्वतःची किंमत करू नये. मला त्यापेक्षा आपल्याच पहिल्या आणि शेवटच्या फेरीतला फरक बघायला आवडतो.

नियम कोण बदलतं

नव्याला वाटतं की कुठेतरी अभियंत्यांची समिती गणित करून वर्ग ठरवते. प्रत्यक्षात पत्रं येतात. कोणीही सदस्य सोलो इव्हेंट्स बोर्डाला पत्र लिहू शकतो : माझी गाडी या वर्गात चिरडली जाते, तिला खाली आणा, किंवा शेजाऱ्याची गाडी फार पुढे आहे, तिला वर ढकला. दुसऱ्या प्रकारची पत्रं जास्त येत असावीत असा माझा संशय आहे. बोर्डाच्या मदतीला घराण्यागणिक सल्लागार समित्या आहेत. त्या चर्चा करतात, प्रस्ताव ‘फास्टट्रॅक’ या मासिक पत्रकात छापले जातात, सदस्य पुन्हा पत्रं लिहितात, आणि शेवटी संचालक मंडळाची मंजुरी लागते. मोठे बदल पुढच्या वर्षी १ जानेवारीपासून लागू होतात.

याचा तुमच्यासाठी अर्थ दोन गोष्टी. एक, गेल्या वर्षीच्या मित्राच्या सल्ल्यावर जाऊ नका. दर जानेवारीत परिशिष्ट अ पुन्हा उघडा, तुमची गाडी हलली असू शकते. दोन, केवळ अमुक वर्गात ती जिंकते म्हणून गाडी घेऊ नका. जिंकणारी गाडी सगळे घेतात, मग पत्रं येतात, मग ती वर जाते, आणि तुम्ही हप्ते फेडत बसता. आवडते ती गाडी घ्या. स्थानिक क्लब राष्ट्रीय नियमांत थोडीफार कात्रीही चालवतात, कमी गाड्यांचे वर्ग एकत्र करतात. ते त्यांच्या पूरक सूचनांत असतं, दोन पानांचं प्रकरण, वाचून टाका.

दिवसाच्या आधीची रात्र

नोंदणी ऑनलाइन करतानाच वर्ग निवडावा लागतो. खात्री नसेल तर नवशिक्यांचा निवडा आणि सोबत मूळ वर्ग लिहा. चुकला तर सकाळी दुरुस्त करून देतात, फक्त फेऱ्या सुरू होण्याआधी सांगा. गट वर्गांप्रमाणे पाडतात : काही वर्ग धावतात तेव्हा बाकीच्यांनी कोन उचलायला उभं राहायचं, मग अदलाबदल. तुमचा वर्ग चुकला तर तुमची धावण्याची आणि कामाची वेळही चुकते, आणि कामाला न आलेल्याची फेरी रद्द होऊ शकते. हे फार मनाला लागतं, अनुभव आहे.

तपासणीच्या आधी गाडीतलं सगळं बाहेर काढा. पायाखालच्या मॅटा, पाण्याच्या बाटल्या, आईने दिलेला लोणच्याचा डबा. बॅटरी हाताने हलवून बघा, चाकांचे नट आवळा. हेल्मेट मानांकित हवं. नसेल तर बहुतेक क्लबांकडे उसनं मिळतं, फक्त आतून घामट असतं, डोक्याला रुमाल बांधा.

मग दारावरची अक्षरं. दोन्ही बाजूंना, आकडा मोठा आणि वर्गाची अक्षरं त्याच्या शेजारी थोडी लहान, गाडीच्या रंगावर उठून दिसतील अशी. वेळ नोंदवणारे दुरून वाचतात. पांढऱ्या गाडीवर पिवळी टेप लावली तर तुमची वेळ दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते. रंगाऱ्यांची निळी टेप सर्वांत सोपी. ८ इंच उंचीचा आकडा दहा मिनिटांत जमतो. हायवेला लागण्याआधी टेप काढून टाका. मी एकदा आळस केला आणि टेप तीन दिवस उन्हात राहिली. तिचा डिंक काढायला पूर्ण एक शनिवार गेला, आणि नीट बघितलं तर अजूनही दारावर ‘ई’ची खालची आडवी रेघ दिसते.